शेऱ्याचा रकाना

वही कंपनीची, अक्षर माझं.
ग्राहक क्रमांक, मागचं रीडिंग, चालू रीडिंग
आणि कडेला शेरा, बोटभर रुंदीचा रकाना.
त्यात लिहायचं एवढंच:
घर बंद. काच फुटली. मीटर दिसत नाही.

एकोणीस वर्षं मी कोल्हापूरचे मीटर वाचले.
जिन्याखाली, दारामागं, मोरीच्या वरच्या फळीपाशी
जिथं घरचं माणूसही हात घालत नाही
तिथं टॉर्च मारायचो.
तिथं कुणीतरी आधीच राहायला आलेलं असायचं.

शाहूपुरीत जिनाप्पा मगदुमांच्या अडतीवर
गुळाचे रवे छातीएवढे रचलेले,
आणि मीटरच्या काचेवर मधमाश्या.
आकडा बघायला फुंकर मारावी लागायची.
उघड्या अंगाच्या हमालांना काही नाही,
मला मात्र कानाच्या पाळीला डसली.
मगदूम चुना लावत म्हणाले,
"घाम वळखत्यात त्या. तुमचा नवा हाय."

पापाच्या तिकटीला एक बांडं कुत्रं
मीटरखाली झोपायचं, उशाला चप्पल घेऊन.
दुकानदार शिव्या घालायचा, पण कौतुकानं:
"डावीच पळवतंय बघा. उजवीला तोंड लावत न्हाई."
असल्या अकरा उजव्या
त्यानं खिळ्याला टांगून ठेवलेल्या.

गंगावेशीत बोळातले दिवे रोज सांजेला मिचकायचे.
तीन तक्रारी, दोन वायरमन, एक इंजिनिअर.
मी नुसता कट्ट्यावर बसलो पेलाभर दूध घेऊन.
धार काढून झाल्यावर एक म्हैस
शांतपणे खांबापाशी गेली,
अंग घासलं. आधी मान, मग पाठ.
वर सैल तार हलली.
शेऱ्यात लिहिलं: म्हैस.
साहेबांनी लाल शाईनं खोडलं
आणि शेजारी लिहिलं: तांत्रिक बिघाड.

मंगळवार पेठेत शेवंता इंगवल्यांच्या पेटीला दार नव्हतं.
चैत्रात आत काड्या, झाडूचे हीर, कुणाचे तरी केस,
आणि त्यावर दयाळाची मादी, मातकट,
माझ्या टॉर्चकडं एका डोळ्यानं बघत.
शेवंताबाई मागून कुजबुजल्या,
"सरासरी लावा. बिल जादा आलं तर येऊ दे."
मी लिहिलं: मीटर दिसत नाही.
खोटं लिहिलं.
काड्यांच्या फटीतून तबकडी दिसत होती,
तिची लाल खूण सावकाश येत होती, जात होती.
त्या घरात एक पंखा आणि एक बल्ब,
तेवढ्यावर किती फिरणार!
पुढच्या महिन्यात पेटी रिकामी झाली.
तरी मी आणखी दोनदा तेच लिहिलं.
का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आता मीटर स्वतःच आकडा पाठवतो.
पेट्या प्लॅस्टिकच्या, सीलबंद; मुंगीला वाट नाही.
आमच्या वह्या रद्दीत गेल्या, एक मी घरी आणली.
तिला कसर लागली आहे.
मगदुमांचं आडनाव अर्ध्यावर आलंय,
म्हैस शाबूत आहे, साहेबांची लाल रेघ गेली,
पण पुढच्या पानावर शेरेच नाहीत, नुसती चाळणी.
कसर काय वाचून खात नाही.

परवा मंगळवार पेठेतून सहज गेलो.
शेवंताबाईंनी जुनी पेटी भंगारात दिली नव्हती,
पेरूच्या बुंध्याला तारेनं बांधली होती.
"दयाळ?" मी विचारलं.
"न्हाई आला. दोन वर्षं झाली. पाल ऱ्हातीया."
मी वाकून बघितलं. अंधार होता.
आतून ती चुकचुकली,
तशी शेवंताबाईंनी सवयीनं
बुंध्यावर बोटानं तीनदा टकटक केलं.
माझा हात खिशाकडं गेला.
पेन नव्हतं.